ताटातलं वजन

"अगं, टाकू नकोस. तिच्याकडे सरकव. तुझं वजन वाढायला नको, तिचं वाढायला हवं."

मॅडम हे बोलल्या तेव्हा आम्ही क्लबच्या जेवणघरात बसलो होतो. पुण्याजवळचं एक धरण, त्याच्या काठावर शिडाच्या बोटींचा हा क्लब. ईशा ही मॅडमची मुलगी. तिने चिकन अर्धं खाल्लं होतं, भात नुसता चिवडला होता, आणि पोळी रश्श्यात भिजत पडली होती. तिने ताट माझ्याकडे सरकवलं. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता, बाकी काही नाही.

मी खाल्लं.

रागाने उठले, ताट भिरकावलं, असं सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं. तसं झालं नाही. मी खाल्लं, हाडं चोखली, आणि खोटं कशाला बोलू, चव चांगली होती.

मी शेगावकडच्या वरवट बकाल गावची. आमच्याकडे पाणी म्हणजे हंड्यातलं. शिडाची बोट मी चित्रातसुद्धा धड पाहिली नव्हती. पुण्यात कॉलेजला आले, तिथल्या खेळाच्या सरांनी माझी उंची बघितली आणि क्लबवर पाठवलं. ईशाला जोडीदार हवी होती. बोट शर्यतीची, लहानशी, दोघींची. एकीने मागे बसून सुकाणू धरायचं. दुसरीने वारा वाढला की पट्ट्यात पाय अडकवून पाठीवर बोटीबाहेर झुकायचं, म्हणजे बोट कलत नाही. सुकाणूवाली हलकी चालते. झुकणारी वजनदार हवी. ईशा सुकाणूवाली. मी झुकणारी.

पहिल्याच वाऱ्यात बोट उलटली. कोच सगळ्यांसमोर म्हणाले, "ही काय बोट धरणार? हिलाच वारा उडवून नेईल. निवड चाचणीपर्यंत सात-आठ किलो वाढव, नाहीतर दुसरी बघू."

कशावर वाढवू? होस्टेलच्या मेसमध्ये वरण म्हणजे पिवळं पाणी. क्लबचं जेवण सभासदाच्या नावावर यायचं, आणि मी सभासद नव्हते. मॅडमनी सोपा मार्ग काढला. दोन ताटं कशाला मागवायची, ईशा अर्धंच तर खाते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तेच मला जास्त लागतं. विचार करावा असंसुद्धा त्यांना त्यात काही दिसलं नाही.

पण मला तर दिसत होतं ना.

आमच्या आळीतल्या बाया मालकाच्या घरी लग्न असलं की भांडी घासायला जायच्या. पंगती उठल्या की पत्रावळीतलं उरलेलं आम्हाला. आमचा हक्कच समजायचे तो. पणजीने आणलं, आजीने आणलं. मायने बंद केलं. ती भांडी घासायची, मजुरी घ्यायची आणि रिकाम्या हाताने घरी यायची. इतर बाया म्हणायच्या, लई शहाणी लागून गेली. लहान असताना मी एकदा पत्रावळीतला अर्धा बुंदीचा लाडू फ्रॉकमध्ये लपवून आणला. मायने तो माझ्याच हाताने उकिरड्यावर टाकायला लावला. म्हणाली, "उपाशी झोपशीन तं चालन. कोनाचं उष्टं तोंडाले लावशीन तं माही पोरगी नाई."

तो लाडू मला क्लबच्या टेबलावर रोज आठवायचा. पहिल्या घासाला आठवायचा. दुसऱ्या घासाला आठवायचा नाही.

वर्षभर खाल्लं. वजन वाढलं. दंड भरले, मांड्या घट्ट झाल्या. बोट आता सरळ चालायला लागली. आम्ही शर्यती जिंकायला लागलो. फोटोत मी ईशाच्या शेजारी उभी असायचे आणि मायला ते फोटो पाठवायचे.

सुट्टीत घरी आले. नांदुऱ्याला उतरले, तिथून बसने गावात. मायने दारातच माझा दंड चाचपला.

"अवं बाप्पा! कायनं भरलं वं अंग?"

"तिथलं जेवण चांगलं असते," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. मायने त्याचं मोठं केलं. आळीत सांगितलं, दळणाच्या गिरणीवर सांगितलं, ज्यांच्याकडे भांडी घासते त्या मालकीणबाईंना तर मुद्दाम सांगितलं, "माही पोरगी मोठ्या लोकाइच्या मांडीले मांडी लावून जेवते." मी शेजारी उभी राहून ऐकत होते. वाटायचं, आता सांगावं. मग मायचा चेहरा बघायचे आणि गप्प बसायचे. चोराच्या घरात चोरीचा माल असतो, तो निदान लपवता येतो. माझा सगळा माल अंगावर होता.

सराव सोडता येत नव्हता. खाटेच्या माच्याला दोर बांधायचे, त्यात पाय अडकवून पाठीवर बाहेर झुकायचे आणि तसंच थांबायचे. पोट थरथरायचं, मांड्या पेटायच्या. आजूबाजूच्या म्हाताऱ्या हसायच्या. "पोट्टीले काय झालं वं?" माय त्यांना तोऱ्यात सांगायची, "बोट चालोते ते."

आणि मॅडमचा फोन आला. शेगावला दर्शनाला आल्या होत्या, ईशाही सोबत होती. "इतक्या जवळ आलोय तर तुझं घर बघून जातो." मला नको म्हणता आलं नाही. मायला तर काय करू नि काय नको झालं. सकाळपासून चूल विझली नाही. वांग्याची भाजी, वरण, भात, भाकरी, शेवयांची खीर.

मायने तीन ताटं एका ओळीत मांडली. मॅडमचं, ईशाचं, माझं.

"तुमी तिथं सोबतच जेवता न, म्हून इथंबी सोबतच बसवलं," माय म्हणाली. मी खाली मान घातली.

जेवण चांगलं चाललं होतं. मॅडमनी भाजीची तारीफ केली. ईशाने भाकरीचा चतकोर खाल्ला, खिरीत बोट बुडवलं आणि थांबली. मग मॅडमनी काहीही विचार न करता ईशाचं ताट उचललं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

आणि माझा हात गेला.

माझं ताट माझ्यासमोर भरलेलं होतं. मायने वाढलेलं. तरी हात त्या ताटात गेला. घास उचलला. तोंडाजवळ आला तेव्हा मी वर बघितलं. माय भाकरी घेऊन उभी होती. वाढायला वाकली होती, ती तशीच राहिली.

मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "अहो ताई, हिचं अंग असंच तर भरलंय. ईशाचं ताट रोज हीच संपवते."

"रोज?" माय म्हणाली.

तिने मॅडमना नाही विचारलं. मला विचारलं.

"हो," मी म्हणाले.

घास मी ताटात परत ठेवला. ताट उचललं आणि ईशासमोर ठेवलं. 

"तुझं तू संपव, ईशा."

"मला नाही जाणार," ती हळूच म्हणाली.

"मग राहू दे."

मॅडम हसल्या. "अगं, अन्न वाया घालवायचं का?"

"आमच्या घरचं अन्न आहे, मॅडम. माझ्या मायच्या हातचं. वाया गेलं तर आमचं जाईल. दुसऱ्याचं उष्टं मी यापुढे खाणार नाही. इथे नाही, क्लबवर नाही."

मॅडमचं हसू गेलं. "एवढं काय झालं? मी तुझ्या भल्यासाठीच करत होते. आणि बोट आमची आहे, हे विसरू नकोस. चाचणी तोंडावर आली आहे. जोडीदार आम्हाला दुसरी मिळेल."

"बोट तुमची आहे. वजन माझं आहे."

त्या उठल्या. ईशा जाताना माझ्याकडे बघत होती. तिला काही बोलायचं होतं की नाही, ते तिचं तिला माहीत. गाडी गेली.

मायने ईशाचं ताट बाहेर नेऊन शेळीपुढे रिकामं केलं. घासलं. आत येऊन भिंतीला टेकून बसली. मला वाटलं होतं, पाठीवरून हात फिरवेल. म्हणेल, बरं केलंस.

"काऊन खाल्लं वं?"

"वजन पाहिजे होतं, माय."

"आपल्या भाकरीनं नसतं वाढलं?"

कदाचित वाढलं असतं, सावकाश. कदाचित नसतं, आणि बोटीवरची ती जागा गेली असती. मी तिला विचारलंच नव्हतं. ताट सोपं होतं.

"आन् मी गावभर सांगत फिरली," माय म्हणाली. आता ती कोणालाच काही सांगत नाही. गिरणीवर बाया विचारतात, पोरगी काय म्हणते, तर ती "बरी हाये" म्हणते आणि पीठ घेऊन घरी येते. मॅडमच्या बोलण्यापेक्षा तिचं हे गप्प होणं मला जास्त टोचतं. टोचायलाच पाहिजे.

माझ्या अंगातलं किती त्या ताटाचं आहे आणि किती माझ्या घामाचं, हे मला वेगळं काढता येत नाही. उतरवून टाकता येत नाही. उतरवणारही नाही. रोज सकाळी खाटेला दोर बांधते, झुकते, पोट फाटेपर्यंत थांबते. वर आले की मायच्या हातची भाकरी खाते. ती वाढते, बोलत नाही. मी मागून घेते.

कोचना फोन केला. म्हणाले, "मॅडमची माफी माग, विषय संपव." मी नाही म्हणाले. एकटीने चालवायची बोट असते, तिच्या चाचणीत माझं नाव घाला म्हणून सांगितलं. त्यात सुकाणूही मीच धरायचं, झुकायचंही मीच. ते म्हणाले, "बघू." ते बघोत न बघोत, मी जाणार आहे. या बोटीवर नाही तर त्या बोटीवर, एकटी नाही तर दुसऱ्या कोणाबरोबर.

परवा निघते. पिशवीत घरातलं एक ताट घेतलंय, त्या दिवशी मायने माझ्यासाठी मांडलं होतं तेच. क्लबच्या त्या टेबलावर मी ते समोर ठेवून बसणार आहे. त्यात घालायला असलं तर खाईन. नसलं तर रिकामं ठेवून बसेन. पण दुसऱ्या ताटातलं त्यात काही पडू देणार नाही.