मयताचा दर

“यातला ‘दुःखद’ तेवढा काढा,” मोतीराम मास्तर म्हणाले. “बाकी बठ्ठं राहू द्या.”

मी पेन थांबवलं. शेजारच्या टेबलावर आमचे जाहिरात मॅनेजर चौधरी साहेब चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

“काढा म्हणजे?”

“म्हणजे नुसतं निधन. दुःखद निधन नको.”

ही गोष्ट धुळ्याची, ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची. जळगावला छापल्या जाणाऱ्या एका दैनिकाच्या धुळे ऑफिसात मी नुकताच लागलो होतो. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. चौधरी साहेबांनी माझं अक्षर पाहून मला घेतलं होतं. त्यांचे ते उपकार मी आजही विसरलेलो नाही. नोकरी अजून कायम व्हायची होती, त्यामुळे साहेबांच्या चेहऱ्याकडे बघितल्याशिवाय मी एक अक्षर लिहीत नसे.

आधी दरांविषयी थोडं सांगतो. निधनाची चार ओळींची बातमी पेपरात फुकट छापतात. पण फोटो हवा, गंधमुक्तीची तारीख हवी, सगळ्या भाऊबंदांची नावं हवीत, तर ती जाहिरात होते. गंधमुक्ती म्हणजे सुतक संपवण्याचा आमच्याकडचा कार्यक्रम. तेव्हा गावोगावी फोन नव्हते. पेपर वाचूनच लांबचे नातेवाईक यायचे. जाहिरातीचा हिशेब कॉलम सेंटिमीटरवर चालतो. एका कॉलमची रुंदी आणि एक सेंटिमीटर उंची, एवढ्या तुकड्याचा दर ठरलेला असतो. आमच्याकडे असे दोन दर होते. वाढदिवस, सत्कार, अभिनंदन यांना पूर्ण दर. निधनाला अर्धा. त्याला आम्ही शोक-दर म्हणायचो. दुःखातल्या माणसाकडून पूर्ण पैसे घेऊ नयेत, असं मालकांच्या वडिलांनी ठरवून दिलं होतं.

मोतीराम मास्तरांचा ब्रास बँड होता. धुळ्यात त्यांना कोण ओळखत नसे? लाल कोट घालून क्लॅरनेट वाजवत ते वरातीच्या पुढे चालायचे. त्या दिवशी मात्र डोक्यावर टोपी, अंगात साधा सदरा आणि हातात आईचा फोटो. म्हातारी नव्वदीच्या पुढची होती. फोटोतसुद्धा हसत होती.

“तिनंच सांगून ठेवलं होतं,” मास्तर म्हणाले. “रोज सकाळी नातीकडून तुमचा पेपर वाचून घ्यायची. आधी निधनाचं पान, मग बाकीचं. एखादी तिच्याएवढी म्हातारी गेलेली असली आणि वर दुःखद लिहिलेलं असलं, की चिडायची. म्हणायची, इतली म्हतारी गयी, दुःखद कसानं? मन्हा नावपुढे असं लिखू नका. मी बठ्ठं देखी लिधं.”

“खरं आहे,” साहेब म्हणाले.

“खापरपणतूचं तोंड पाहिलं तिनं. सोन्याची फुलं उधळून घेतली. जायच्या आदल्या दिवशी दोन पुरणाचे मांडे खाल्ले. दुपारी झोपली ती उठलीच नाही. आता तुम्हीच सांगा.”

मला हसू येत होतं. मी खाली बघितलं.

साहेब म्हणाले, “मास्तर, माझी अडचण समजून घ्या. शोक-दर हा शोकासाठी आहे. तुम्हीच म्हणताय शोक नाही. मग मला पूर्ण दर लावावा लागेल.”

“पूर्ण? चातुर्मास चालू शे साहेब. लग्नं बंद. पोरं घरी बसून ढोलाची कातडी ताणताहेत. पूर्ण दर मी कुठून देऊ?”

“मग जाहिरात निम्मी करा. नावं कमी करा.”

“नावं कमी?” मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “एक जावई गाळला तर गंधमुक्तीला तीन गावं येणार नाहीत. वरून आमचा दोंडाईच्याचा काका. त्याचं नाव एकदा पत्रिकेत खाली छापलं होतं. बारा वर्षं पाणी प्यायला नाही आमच्या घरी.”

“मग दुःखद राहू द्या. एका शब्दानं काय होतं?”

मास्तरांनी फोटो उचलून सदऱ्याच्या बाहीनं पुसला. बाहेरून एसटीचा हॉर्न ऐकू आला. संध्याकाळच्या जळगाव बसमध्ये कंडक्टरच्या हाती आमचं जाहिरातींचं पाकीट जायचं. ती बस चुकली की उद्याचा अंक गेला, आणि परवा गंधमुक्ती होती. मास्तरांना एकतर आईचा शब्द मोडावा लागणार होता किंवा नातेवाइकांना कळवायचं राहणार होतं.

मला राहवलं नाही. खरं तर मी सहज विचारलं. “मास्तर, अशी पिकली म्हातारी माणसं जातात तेव्हा लोक बँड लावतात. नातवंडं नाचतात. तेव्हा तुम्ही कोणता दर लावता?”

“मयताचा. अर्धा.”

“ते नाचत असले तरी?”

“नाचले काय, रडले काय. मागच्या वर्षी देवपुरात एका आजोबांपुढे पोरांनी लग्नातली बठ्ठी गाणी वाजवायला लावली. वन्स मोर मागितला. तरी मी मयताचाच दर घेतला. गाणं कोणतं वाजलं ते आम्ही बघत नाही साहेब. कोणापुढे वाजवलं ते बघतो.”

चौधरी साहेबांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपली नोकरी.

“लिही,” ते म्हणाले. “अर्धा दर.”

मास्तर हात जोडायला उठले. साहेबांनी त्यांना खाली बसवलं. “थांबा. वर शीर्षक काय टाकायचं? नुसतं निधन?”

“उघडंबोडकं दिसतं,” मास्तर म्हणाले. “आनंदाने निरोप टाका.”

“लोकांना वाटेल, मास्तरीण बाई रिटायर झाल्या.”

“मग समाधानी निधन.”

“माणूस समाधानी असतो. निधन कसं असेल?”

मी म्हणालो, “साहेब, ‘समाधानाने निधन’ चालेल?” दोघांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. चालला. मग खाली नावांच्या आधी ‘शोकाकुल’ असतं, ते आलं. मास्तर म्हणाले, “तिथं ‘तिचे सारे’ लिहा.” तेही लिहिलं. दोंडाईच्याच्या काकांचं नाव सर्वांत वर घेतलं.

आता एकच भीती होती. जळगावच्या प्रेसमध्ये ‘दुःखद निधन’ असं शीर्षक आधीच छापून, कापून ठेवलेलं असायचं. निधनाची जाहिरात आली की पेस्टिंगवाला न वाचता ते चिकटवायचा. साहेब म्हणाले, “खाली सूचना लिही. दुःखद लिहू नये.” मी लिहिली. माझ्या त्या चांगल्या अक्षरात, ठळक, मजकुराच्या अगदी खाली. पाकीट बंद केलं आणि बसकडे पळालो.

सकाळी अंक आला. मी निधनाचं पान उघडलं. ‘समाधानाने निधन’ बरोबर होतं. फोटो बरोबर. ‘तिचे सारे’ बरोबर. काका सर्वांत वर. आणि त्या सगळ्या नावांखाली, चौकटीच्या आत, मोठ्या टाइपात: दुःखद लिहू नये.

माझी सूचना छापली गेली होती.

साहेब आले. त्यांनी पान बघितलं आणि पट्टी काढून चौकट मोजली. मग म्हणाले, “एक सेंटिमीटर जास्त गेलंय. याचं बिल कोणाच्या नावावर टाकू? तुझ्या?”

तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज आला. मोतीराम मास्तर होते. मागे त्यांचे दोन मुलगे, एक जावई आणि पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ. मास्तरांच्या हातात पेपर होता. मी खुर्चीतून उठलोच.

“साहेब,” मास्तर म्हणाले, “माझ्या मायचा शब्द छापला तुम्ही.”

“कोणता?”

“हा खालचा. दुःखद लिहू नये. तिचंच वाक्य शे हे. मी तर तसंच छापा म्हणायला लाजत होतो, म्हणून नुसतं काढा म्हटलं. सकाळपासून गल्लीत सगळे वाचताहेत. जो येतो तो हसत येतो.” पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांकडे हात करून ते म्हणाले, “हे आमचे दोंडाईच्याचे काका. पहिल्या बसनं आले. पाणी पण प्यायले.”

काका म्हणाले, “चहा बी घिसू.”

साहेबांनी चहा सांगितला. त्या एका सेंटिमीटरचं बिल कोणाच्याच नावावर पडलं नाही. पुढच्या महिन्यात दोन घरांतून माणसं आली. “त्या बँडवाल्यांच्या आईसारखी करून द्या,” म्हणाली. दोघांनाही खालची ओळ हवी होती. साहेबांनी जळगावला विचारून रेट कार्डात शोक-दराचं नाव बदलून ‘निधन-दर’ करून घेतलं. माझी नोकरीही त्याच सुमारास कायम झाली.

पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा बँड अर्थातच मास्तरांचा. लाल कोट, क्लॅरनेट, ऐन लग्नसराई. वरात दारात आली आणि वडिलांनी पैसे विचारले. मास्तरांनी सांगितले ते नेहमीच्या निम्मेच होते. चौधरी साहेब शेजारीच उभे होते.

“अर्धा?” ते म्हणाले. “अहो मास्तर, पोराला मयताचा दर लावला तुम्ही.”

मास्तरांनी क्लॅरनेट काखेत धरलं. “दर तोच शे साहेब. पण दुःखद नाही लिहिलं.”

माझ्या बायकोनं हे ऐकलं. त्यावरून मला चिडवणं तिनं अजून सोडलेलं नाही.

या धंद्यात मी पुढे बरीच वर्षं काढली. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो, की सूचना मजकुराच्या कागदावर कधी लिहू नका, वेगळा कागद घ्या. का, असं त्यांनी विचारलं की ही गोष्ट सांगावी लागते. आणि ती ऐकल्यावर कोणीही वेगळा कागद घेत नाही.