सखूबाईंचा गरम भात

आज नाताळ. प्रार्थनाघरामागे भाताच्या पातेल्याचं झाकण काढलं, इंद्रायणीची वाफ तोंडावर आली आणि मी थेट बारा वर्षांची झाले.

तेव्हा पिंपरी पेंढारला नाताळच्या पहिल्या पंगतीत मी पळत जाऊन जागा धरली होती. पाळकीणबाई, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांच्या पत्नी, वाढायला आल्या आणि थांबल्या.

"सखूबाई कुठंय?"

सखूबाई मागे राखेनं पातेली घासत होत्या. दर वर्षी त्याच घासायच्या. बाईंनी त्यांना हाताला धरून आणलं.

"नगं बाई, माजे हात राखंचे. लोक काय म्हनतील?"

"हात धुवा आणि बसा. येशूनं शिष्यांचे पाय धुतले होते, मी नुसता भात वाढतेय."

पंगत भरलेली. कुणीच हलेना, म्हणून मी उठले, चिडूनच उठले.

सखूबाईंनी माझ्या जागी बसून घास घेतला आणि तोंडावर हात धरला. मला वाटलं, भाजलं. त्या हसत होत्या.

"पोरी, पंगतीचा भात एवढा गरम असतो व्हय गं?"

माझा राग तिथंच संपला. इतकी वर्षं त्यांना पातेल्याच्या तळाची गार खरवडच मिळत होती.

आज भांडी घासणाऱ्या तिघी पहिल्या पंगतीत बसल्यात. वाढायला मीच निघालेय, भात गार व्हायच्या आत.