टिपणीस सरांचा थर्मास

टिपणीस सर पहिल्यांदा आमच्या घरी आले, ते स्वतःचा चहा घेऊन. दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आईची सकाळपासून लगबग चालली होती. मुलीच्या पीएच.डी.चे गाईड येणार, तेही मराठी, म्हणून तिने कुठून तरी ओला नारळ मिळवून पोहे केले होते. सर सोफ्यावर टेकले, पिशवीतून स्टीलचा थर्मास काढला, झाकणात चहा ओतून घेतला आणि म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. मृणालचा प्रबंध मला तपासायचाय. तो हातावेगळा होईपर्यंत या घरचं मला काही चालायचं नाही."

आईने राग मानलाच. ते गेल्यावर डिश आपटत म्हणाली, "एवढं कसलं सोवळं! मी काय पोह्यांत मार्क पेरून ठेवले होते?"

सर दिल्लीतल्या एका कॉलेजात अकाउंटन्सी शिकवायचे. ऑडिट हा त्यांचा जीव की प्राण. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, केंद्र सरकारात नोकरीला होत्या, म्हणून घर लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत. परीक्षक म्हणून जाऊ देत, नाहीतर कुणाच्या हिशेबतपासणीवर, थर्मास बरोबर असायचाच. "चहा पोटात गेला की लेखणी मवाळ होते," असं त्यांचं म्हणणं. स्टाफरूममध्ये त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल व्हायची. "सर, आप रिटायर होंगे तो पेन्शन थर्मस को भी मिलेगी," असं एकजण म्हणाला, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसले ते सरच.

शिकवण्याची तऱ्हाही निराळी. आमच्या पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "या वर्गाच्या मागच्या दारातून बाहेर गेलं की कुठे निघतं?" कुणी म्हणालं लायब्ररीकडे, कुणी म्हणालं कॅन्टीनकडे. सर शांतपणे म्हणाले, "जाके देखो." दार उघडलं तर आत झाडू, बादल्या आणि मोडके बाक. बाहेर जायला वाटच नव्हती. मग फळ्यावर त्यांनी एवढंच लिहिलं, "देखा या सुना?" माझ्याशी बोलताना तोच प्रश्न मराठीत यायचा. प्रबंधातल्या दर दुसऱ्या वाक्याला पेन्सिल टेकवून विचारायचे, "हे बघितलंस, की ऐकलंस?" या प्रश्नाने मला रडवलंय.

त्यांचं स्वतःचं मोठं काम पानिपतचं. माझ्या कितीतरी आधीपासून ते सुट्टीच्या दिवशी गाडी पकडून तिथे जात आणि चादरी-सतरंज्या विणणाऱ्या छोट्या कारखानदारांपाशी जाऊन बसत. ही माणसं कराची विवरणपत्रं चुकीची का भरतात, हा त्यांचा विषय. निष्कर्ष साधा होता. बहुतेक चुका लबाडीने होत नाहीत, त्या भीतीने आणि न कळल्यामुळे होतात. माणसं मोकळेपणी बोलली, कारण सरांनी शब्द दिला होता की कुणाचं नाव कधीही बाहेर येणार नाही.

तोच शब्द अंगाशी आला. निवृत्ती तोंडावर असताना त्यांच्याविरुद्ध निनावी तक्रार गेली. पानिपतच्या मुलाखती झाल्याच नाहीत, सगळं घरी बसून रचलंय, असा आरोप. चौकशी समिती बसली. समितीने नावं मागितली, सरांनी दिली नाहीत. आरोप टिकला असता तर जन्मभराचं काम खोटं ठरून हा माणूस कॉलेजातून खाली मान घालून बाहेर पडला असता.

मी तावातावाने लक्ष्मीबाई नगरला गेले. "सर, नावं देऊ नका. पण चला, उद्या पानिपतला जाऊ. दोन-चार जण स्वतःहून यायला तयार होतील."

"आणि त्यांना घेऊन कोण येणार? मीच ना?" सर म्हणाले. "ज्याची तपासणी चाललीय त्यानेच साक्षीदार गोळा करायचे? वर्गात मी हेच शिकवलं का तुम्हाला?"

"सर, हा वर्ग नाहीये!"

"म्हणून तर," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मला त्यांचा भयंकर राग आला. तत्त्वं वगैरे ठीक आहे, पण माणसाने स्वतःला वाचवायचंच नाही का? जिन्यापर्यंत सोडायला आलेल्या काकू हळूच म्हणाल्या, "थर्मास रोज भरून नेतात गं. तसाच भरलेला परत आणतात." मग माझा राग गेला. मधल्या काळात माझा प्रबंध पास झाला. आईने निरोप धाडला, पण चौकशी चालू असताना कुणाच्या घरी जायला सर तयार नव्हते.

समितीत मल्होत्रा मॅडम म्हणून एक बाई होत्या. पुढे काय झालं ते नंतर त्यांनीच मला सांगितलं. त्या कुणालाही न कळवता एकट्याच पानिपतला गेल्या. दिल्लीचे कुणी प्रोफेसर टिपणीस इथे येत होते का, असं दुकानादुकानांत विचारत फिरल्या. कुणालाच ते नाव माहीत नव्हतं. दमून शेवटी एका दुकानात टेकल्या. म्हाताऱ्या मालकाने चहा मागवला. त्या म्हणाल्या, "नहीं जी, मैं काम से आई हूँ, चाय नहीं लूँगी."

म्हातारा हसायला लागला. "अच्छा, आप भी? हमारे मास्टरजी भी ऐसे ही थे. बरसों आए, घर की चाय थर्मस में लाते थे, हमारी एक घूँट नहीं पी. उल्टा हमें पिलाते थे. फीकी!"

चौकशीच्या वेळी सरांजवळ बघितलेला थर्मास बाईंना आठवला; मास्टरजींचा कसा होता ते विचारलं, तर वर्णन तंतोतंत जुळलं. म्हाताऱ्याने हाक मारून शेजारचे दोघे-तिघे बोलावले. नावं टिपून घेऊ का म्हटल्यावर तेच म्हणाले, "लिखिए, बिल्कुल लिखिए. हमारे मास्टरजी को झूठा कौन कहता है?"

कॉलेजात अहवाल आला त्या दिवशी तो वाचून मी धावत जिना उतरले आणि फोन लावला. "सर, आरोप खोटा ठरला!"

पलीकडून आवाज आला, "बघितलंस, की ऐकलंस?"

"बघितलं, सर. माझ्या डोळ्यांनी वाचलं."

 त्यांनी सोडलेला श्वास तेवढा ऐकू आला. मी तिथेच पायरीवर बसून हमसून रडले. इतकं हलकं मला माझ्या पीएच.डी.च्या दिवशीही वाटलं नव्हतं.

निवृत्तीनंतर, मुलीकडे नाशिकला कायमचं जाण्याआधी, सर मला घेऊन पानिपतला गेले. म्हाताऱ्या मालकाने आमच्यापुढे चहा ठेवला आणि सवयीने सरांची थर्मासची पिशवी शोधत थांबला. पिशवी नव्हतीच. सरांनी पेला उचलला, घोट घेतला, डोळे मिटले. आलं, वेलदोडा, सायीसकट दूध.

"इतका चांगला असतो होय हा?" ते मला मराठीत म्हणाले. "काय मूर्ख माणूस आहे मी!"

म्हाताऱ्याने न विचारताच दुसरा पेला भरला. सरांनी तोही संपवला. परतीच्या बसमध्ये बसल्यावर माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "तुझ्या आईला फोन लाव." मी लावून दिला.

"वहिनी, टिपणीस बोलतोय. ओला नारळ मिळेल का हो आज?"