एका साडीतल्या तीन मुली

फोटो स्टुडिओत बावीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप अंगाला चिकटतात. मी इंदूरला राजवाड्याजवळ तात्यांच्या स्टुडिओत रिटचिंग करायचो. म्हणजे निगेटिव्हच्या काचेच्या प्लेटवर बारीक पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे डाग घालवायचे. मध्यभारत राज्याच्या त्या दिवसांत जुनी इंदूर मोहल्ल्यातले अर्धे नवरदेव आमच्या एकाच कोटात उभे राहिले, तो किस्सा सगळे मागतात. आज दुसरा सांगतो, भिया. हसू आलं तर आत्ताच हसून घ्या.

*

लग्नासाठी मुलीचा फोटो म्हणजे सोबत चार बायका हव्यातच. एक पदर ओढते, एक केस चापते, तिसरी म्हणते, "हनुवटी वर कर गं बाई." तात्या वैतागायचे, "फोटो कुणाचा काढायचा ते एकदा ठरवा!"

एकदा एक गृहस्थ चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन एकटाच आला. "भानजी है, रिश्ते के लिए फोटू चाहिए." मोरपंखी साडी, कोरी करकरीत. पदर सारखा घसरत होता आणि सावरायला कुणी नव्हतं. तात्यांनी मुलीला नाव विचारलं, ते त्यानं सांगितलं. गाव विचारलं, तेही त्यानंच. तो गेल्यावर तात्या म्हणाले, "मामा भारीच हौशी दिसतोय." आम्ही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

*

महिन्याभरानं तोच मामा, दुसरी भाची. साडी मात्र तीच, आता थोडी विटलेली.

मी नि तात्या ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, "तात्याजी, लड़की की शादी हो रही है, इसमें जुर्म क्या है?"

"एकाच साडीत दोघींची?"

"गरीब लोग हैं, साड़ी एक ही होगी."

निघताना त्यानं विचारलं, वर्दीतला फोटो काढायला कधी येऊ. तात्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

*

तिसरीला त्याच साडीत आणलं तेव्हा तात्या तयार होते. फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी सरळ खोटं बोलले, "प्लेट खराब हो गई साहब, लड़की को फिर लाना पड़ेगा."

तो कुरकुरत घेऊन आला. तात्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, पदर नीट करायच्या निमित्तानं मुलीला पडद्याआड नेलं. काकूंच्या मोडक्या माळवी बोलीला भाजीवाल्या हसायच्या, पण त्या दिवशी तीच कामी आली. मुलगी म्हणाली, महूला साहेबाच्या बंगल्यावर मूल सांभाळायचं काम आहे म्हणून बापानं पाठवलंय. लग्नाचं तिला कुणी बोललंच नव्हतं.

काकू आतूनच ओरडल्या, "अहो, पिन लागत नाहीये, वेळ लागेल." तात्या मामाला महूच्या फौजी साहेबांचा अल्बम दाखवत बसले. मी मागच्या दारानं ठाण्याकडे पळालो. या खेपेला ठाणेदार नवे होते. हातातला चहा टाकून ते माझ्याबरोबर निघाले. मामा अल्बमसकट सापडला आणि ती मुलगी आपल्या घरी गेली.

*

पहिल्या दोघींचे फोटो पोलिसांनी गावोगाव फिरवले. दुसरीचा पत्ता लागला. पहिलीला तीन महिने कुणी ओळखेना.

मग मुलगी हरवली म्हणून गौतमपुऱ्याची एक बाई ठाण्यात आली. ठाणेदार तिला आमच्याकडे घेऊन आले. पहिलीचा फोटो पाहून ती म्हणाली, "या म्हारी छोरी नी है. म्हारी छोरी का मुंडा पे माता का दाग है."

ते देवीचे वण मीच पुसले होते. कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाचा फोटो आहे, पोरीचं भलं होईल, म्हणून मन लावून पुसले होते. पोलीस तीन महिने जिला शोधत होते, तशा चेहऱ्याची मुलगी जगात कुठे नव्हतीच.

मी प्लेट काढली, टर्पेंटाइननं पेन्सिल पुसून टाकली, नवी प्रत छापली. ती ओली असतानाच बाईनं एकेका वणावर बोट ठेवलं. "हां. या है."

ती प्रत ठाणेदारांनी घेतली. तशीच एक मी बाईला देऊ केली. तिनं ती बाजूला सारली आणि जुना, साफ चेहऱ्याचा फोटो उचलला.

"या फोटू छोरी ने देखी थी कंई?" तिनं विचारलं.

फोटो न्यायला तो मामा एकटाच आला होता.

"देखी थी, माँजी," मी म्हणालो. "बहुत देर तक देखी थी."