चौदा पितळी तुकडे

फोन आला तेव्हा मी रविवारच्या कामांची यादी करत होते. पहिलीच ओळ होती : 'बोरी, नाना, अठरापासून पुढे.' चुलतभाऊ एवढंच म्हणाला, "शालनताई, नाना गेलं..." त्याला महिना होऊन गेला. ती ओळ मी अजून खोडलेली नाही.

नाना माझे चुलते, बोरी बुद्रुकचे सुतार. आमच्या भागात काही घरांत ठासणीच्या जुन्या बंदुका होत्या, खंडेनवमीला पूजेत मांडायच्या. त्यांचे लाकडी दस्ते नाना दुरुस्त करत. नव्वदच्या दशकात एकेकाचे परवाने संपले. लोकांनी नळ्या पोलिसांत जमा केल्या आणि वाळवी लागलेले दस्ते नानांकडे आणून टाकले. लाकूड चुलीत गेलं, त्यावरचं नक्षीचं पितळ नानांनी जपलं. दस्त्याच्या टोकाची पाटी, चापाभोवतीची कमान, नळी धरणारी पट्टी... त्यावर अंगठा फिरवला की तो तुकडा कुठल्या मुलखातला ते नाना सांगत. "पान खोल कोरलंय बघ, ही वेल आपल्या जुन्नरची. नगरकडचा कारागीर लई घाईचा, नुसत्या रेघा वढून मोकळा. आन् हा मासा घाटाखालचा." मी विचारायचे, "कशावरून?" "तुझ्या आयची भाकर तुला वळखू येती का न्हाई? तसंच." त्या घरांतली नातवंडं कधीतरी विचारत येतील, त्यांचं त्यांना द्यायचं, एवढाच नानांचा हट्ट होता.

पुढे त्यांची नजर अधू झाली. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते आठवडाभर नारायणगावला होते, तेव्हा मी त्यांची खोली आवरली. मी शाळेच्या कार्यालयात काम करते, पसारा मला बघवत नाही. पितळ मळक्या चिंध्यांत बांधून ठेवलेलं होतं. चिंध्या टाकल्या, पितळ चिंचेनं घासलं, पाट्या एका डब्यात, कमानी दुसऱ्यात, पट्ट्या तिसऱ्यात. एक ते एकतीस नंबर चिकटवले. नाना आले आणि डब्यात हात घालून चाचपू लागले.

"चिंध्या कुठं हायत गं?"

"टाकल्या, नाना. किती घाण होत्या!"

"ज्याची बंदूक त्याच्याच घरची चिंधी व्हती ती. पिंपरी पेंढारच्या म्हातारीचं लुगडं, येडगावच्या पावण्याचा फेटा..." मग तेच हसले. "ऱ्हाऊ दे. लई चकचकीत केलंस. आता लाइटबिल वाचंल."

नजर काही परत आली नाही. मग दर रविवारी आम्ही बसू लागलो. ते अंगठ्यानं मुलूख ओळखत, मुलखावरून घर आठवत, मी वहीत लिहीत असे. कधी एका तुकड्याला अख्खी दुपार जाई. शेवटच्या रविवारी सतरा झाले. अठरावा त्यांनी बराच वेळ हातात फिरवला. "जुन्नरचीच हाय... पर कुणाची गं? पुढच्या रविवारी सांगतो." माझी चारची एसटी होती. मी बरं म्हटलं आणि निघाले. चिंध्या टाकल्या हे माझं चुकलं, एवढं त्यांना म्हणायचं राहिलं. वहीत बाकी सगळं लिहिलं होतं.

सतरा तुकडे मी घरोघर पोचवले. उरलेल्यांवर अंगठा फिरवून पाहते. अठराव्यावर खोल कोरलेलं पान हाताला लागतं. 'जुन्नर' लिहिते, आणि घराचा रकाना तसाच राहतो.

दहाव्याच्या दिवशी काकूंनी नानांचं जुनं धोतर माझ्या हातात दिलं. मी त्याच्या चौदा चिंध्या फाडल्या आणि एकेक तुकडा त्यांत बांधला. ज्याची चिंधी त्याचं पितळ, या नानांच्या रीतीनं ते सगळे आता नानांच्याच घरचे.