लग्नाशिवाय न गाणारी

हे मी आजवर कोणालाच, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही. आमच्या गावच्या धवलारीणबायचा गळा कधीच बसला नव्हता. ती बातमी मी उठवली.

धवलारीण म्हणजे आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी बाई. आमची बाय उंच, करड्या आवाजाची आणि हट्टी. लग्नाच्या मांडवाबाहेर तिने कधी एक ओळ म्हटली नाही. लग्न नसताना धवला म्हटला तर त्या घराला बरं नसतं, असं ती मानायची. एकदा वाशीच्या कॉलेजातली मुलगी रेकॉर्डिंगला आली. बायने विचारलं, "लगीन कोनाचं?"

"कोणाचं नाही आजी, नुसतं गाणं हवंय."

"मंग आदी तू लगीन काड पोरी. मी येतंय."

टाळ्या तिला खपायच्या नाहीत. एका हळदीत पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, तर गाणं थांबवून म्हणाली, "भाकऱ्या थापताना कोन टाल्या वाजवतान का? माजं काम चाललंय."

धवल्यात ती देवांना आणि पितरांना नावानिशी लग्नाला बोलवायची. बांधावरचा देव, मिठागरातला देव, कोणी सुटायचा नाही. मी चेष्टेने म्हणालो, "बाय, तिथं आता टॉवर झालाय. देव कुठला?"

"टॉवरच्या खाली हाय ना. तुमी वर ऱ्हायला गेलाव, तो कवा गेला?"

मीही वर राहायला गेलो होतोच, सोसायटीत, बाराव्या मजल्यावर. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा आईच्या शब्दाखातर बायला रीतसर सुपारी दिली. दोन्हीकडची हळद एसी हॉलमध्ये. व्याही पुण्याचे, मोजकं बोलणारे. बाय नऊवारी नेसून, पितळेचं ताट घेऊन दारात उभी राहिली आणि व्याह्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तेवढं मला पुरलं. तिला बाजूला घेऊन म्हणालो, "हॉलवाले गाऊ देत नाहीत, बाय." आणि आईला सांगितलं, "तिचा गळा बसलाय."

मग डीजे सुरू झाला. कोणाचं कोणाला ऐकू येईना, म्हणून दोन्ही थापा टिकल्या. आमच्याकडच्या बायका तिला गरम पाणी आणून देत होत्या. ती पेला हातात धरून माझ्याकडे बघत होती, हे कशाला म्हणून.

गावाला निमित्तच हवं होतं. त्यानंतरच्या लग्नसराईत तिला एकही सुपारी आली नाही. "बिचारीचा गळा गेला," म्हणत लोक डीजे ठरवायचे. "अरे, बोलते तर नीट," असं कोणी म्हणालंच तर उत्तर तयार: "बोलणं वेगळं, गाणं वेगळं." तिने नुसतं गाऊन दाखवलं असतं तरी सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण लग्नाशिवाय ती गाणार नव्हती, आणि लग्नाला तिला कोणी बोलवत नव्हतं.

एकदा दिवाळे गावच्या बाजारात मासळी आणायला गेलो, तर बाय तिच्या मासळी विकणाऱ्या लेकीच्या पाटीशेजारी बसलेली दिसली.

"काय रं, माज्या गल्याला काय झालंय?"

"आजकाल सगळीकडे डीजेच, बाय."

"ते नको सांगू मला. गला बसलाय बोलतान. तुजा शबूद ऐकतान लोक. सांग ना त्यांना."

"सांगतो."

"इसरशील."

"नाही विसरणार."

लेकीने मला चांगले बोंबील निवडून दिले. मी विसरलो नाही आणि सांगितलंही नाही. सांगितलं असतं, तर ही बातमी उठवली कोणी, हा पुढचा प्रश्न आला असता.

बाय गेली. मी भेटायला गेलो, तेव्हा लेक ओट्यावर बसली होती. म्हणाली, "शेवटी शेवटी आयच मला विचारायची, माजा गला खरंच गेला काय गं? गाऊन तर बगायची नाय. मी पन बोलले, गेला असंल आये. सगली बोलतान तर गेलाच असंल. मंग गप झाली." मी तिथेही मान डोलावली आणि चहा पिऊन आलो.

बायच्या लेकीला वाचता येत नाही, तेव्हा हे छापून आलं तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही. दिवाळ्याला जाऊन तिच्यासमोर उभं राहायचं आणि खोटं मी बोललो होतो, एवढं तोंडाने सांगायचं, हे माझ्याकडे बाकी आहे.