वाघ्यापुढचा जबडा

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं फिरतं, आणि राग नेमका कुणावर काढावा हे कळत नाही.

मी तेव्हा जव्हार संस्थानात फौजदार होतो. दगडांचा अभ्यास करणारा एक गोरा साहेब सूर्यमाळच्या डोंगरातून फिरून आला आणि ठाण्यावर आदळआपट करू लागला. त्याच्या पेटीतला, दगड झालेला जबडा गेला होता. जनावराचं नाव हायनोडॉन. वाघाच्याही आधीचं, मांस खाणारं, जगातून केव्हाच नाहीसं झालेलं. उत्तरेत सापडलेला तो जबडा साहेब जिवापाड जपत असे. संशय पेटी वाहणाऱ्या गड्यावर. शनिवारपर्यंत वस्तू मिळाली नाही तर गड्याला संस्थानाबाहेर हाकला, असा वरून हुकूम आला.

गड्याला कोठडीत घातलं. "कुणाला विकलास?"

"इकला नाय, साहेब."

सहा दिवस हेच. दम दिला, गोडीत विचारलं. खबऱ्याने एका व्यापाऱ्याचं नाव आणलं. त्याच्या मिरच्यांच्या गोण्या उपसल्या, तर हाती लागल्या फक्त शिंका.

गड्याची बायको पहिल्या दिवसापासून ठाण्याच्या ओट्यावर बसून होती. शुक्रवारी सकाळी वैतागून मी तिच्यावरच खेकसलो, "तुला तरी माहीत आहे का जबडा कुठे आहे?"

"हां. वाघ्यापुढं ठेवलाय त्यानं."

मग तिच्याकडूनच सगळं कळलं. साहेबाने वाटेत गड्यांना जबडा दाखवला होता. असले दात सूर्यमाळच्या शिवेवरच्या वाघदेवाला, म्हणजे वाघ्याला, न देता पुढे नेले तर वाघ गुरं नेतो, अशी तिथली समजूत. म्हणून गड्याने तो गुपचूप देवापुढे ठेवला. देवाला दिलेलं परत आणायची वाट आपणच कशी दाखवायची, म्हणून तो गप्प.

"अगं, मग सहा दिवस बोलली का नाहीस?"

"माना कोणी इचारलाच नाय."

घोड्यावरून सूर्यमाळ गाठलं. जबडा शेंदूर फासून वाघ्याच्या दगडाशी ठेवलेला. देवाचं पाहणारा म्हातारा भगत आडवा आला. मी समजावलं, "हा वाघ नाही. या जातीचं एकही जनावर आता जगात उरलेलं नाही."

"मंग त्याचा कोणीच नाय. ऱ्हाऊ दे हितं."

मी कपाळावर हात मारला. "अहो, त्याच्यापायी तुमचा माणूस कोठडीत आहे! उद्या त्याला संस्थानाबाहेर घालवतील."

म्हातारा चमकला. "आमाला वाटला, दोघा नवराबायको साहेबाच्या वेठीला हाईत." त्याने दगडापुढे डोकं टेकलं आणि जबडा उचलून माझ्या हातात दिला. "ह्या आदी सांगायचा ना."

गडी सुटला. साहेब शेंदूर पुसत, कुरकुरत निघून गेला. चौकशीत आपण आपलाच संशय पुन्हा पुन्हा विचारत बसतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. सोडताना गड्याची माफी मागायला हवी होती. मी कागदावर त्याचा अंगठा घेतला आणि "जा" म्हणालो. त्याची मला अजून लाज वाटते.